तारेवरचीं विमानें



तारेच्या आधारानें उडणाऱ्या छोट्या विमानांच्या स्पर्धा हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आपल्या बीड जिल्ह्यांत हा विषय ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. परंतु संक्रांतीला माळवदावर चढून ज्यानें पतंगाची ओढ बोटांवर अनुभवली आहे, त्याला या खेळाचें मर्म समजण्यास वेळ लागणार नाहीं.

पतंगाला वारा लागतो. हें विमान आपला वारा आपणच उत्पन्न करतें. त्याच्या तोंडाशीं मुठींत मावेल एवढें इंजिन असतें. एका पंखांतून दोन बारीक पोलादी तारा निघतात व वर्तुळाच्या मध्यभागीं उभ्या असलेल्या चालकाच्या हातांतील मुठीला जोडलेल्या असतात. विमानाच्या पोटांत खिळ्याभोंवतीं फिरणारी एक लहानशी पट्टी असते. चालकानें मूठ कलविली कीं एक तार ओढली जाते, पट्टी फिरते, शेपटीची हलती फळी उचलली जाते आणि विमान वर चढतें. मूठ उलट कलविली कीं तें खालीं येतें. एवढीच काय ती यंत्ररचना. मात्र तारा ताठ असतील तोंवरच हा सारा खेळ. त्या सैल पडल्या कीं हुकूम विमानापर्यंत पोंचत नाहीं. म्हणून कुशल कारागीर बाहेरच्या पंखाच्या टोकांत शिशाचा लहान तुकडा बसवितो व शेपटीचें सुकाणूं किंचित् बाहेर वळवून ठेवतो.

अमेरिकेंतील जिम वॉकर या गृहस्थांनीं १९४० च्या सुमारास 'फायरबॉल' नांवाचें असें विमान बाजारांत आणलें आणि १९४२ सालीं या पद्धतीचें पेटंट मिळविलें. आपल्याकडे १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली, १९५० सालीं तिला वायुशाखा जोडली गेली, आणि त्या शाखेच्या शिबिरांतून हा खेळ सामान्य घरच्या मुलांच्या हातीं आला.

मीं या स्पर्धा पाहिल्या त्या १९८० च्या सुमारास, औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास. चुन्यानें आंखलेलें वर्तुळ, भोंवतीं मुलांची दाटी, आणि हवेंत ईथर, रॉकेल व एरंडेल यांचा मिश्र वास. आपल्या शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एरंडाचें तेल विमानाच्या इंजिनांत जातें, हें ऐकून मला मोठा अचंबा वाटला होता. कोणी विमान उलटें करून डोक्यावरून नेई, कोणी आकाशांत आठाचा आंकडा काढी. सर्वांत गंमत झुंजींत येई. दोन चालक एकाच वर्तुळांत उभे राहत, विमानांच्या शेपट्यांना कागदी फिती बांधलेल्या असत, आणि आपल्या पंख्यानें दुसऱ्याची फीत कापावयाची असे. पेच लढविणाऱ्या पतंगबाजाला याहून अधिक सांगावयास नको. आंतरराष्ट्रीय नियमांतील सांघिक शर्यतींत तीन विमानें एकाच वर्तुळांत धांवतात. शंभर फेऱ्या म्हणजे दहा किलोमीटर अंतर होतें, आणि मध्येंच इंधन संपलें कीं जोडीदारानें उतरतें विमान धरून, इंधन भरून, पुन्हां सोडावयाचें असतें.

हें सर्व आठवतांना मन हळवें होतें खरें. परंतु केवळ गतकाळाचे उसासे टाकण्यासाठीं मी येथें आलों नाहीं. आज ड्रोन आपला तोल आपणच सांभाळतो, पिकावर औषध फवारतो. त्याची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. मला खंत वाटते ती निराळ्याच गोष्टीची. तें तारेवरचें विमान बहुधा त्या मुलानेंच बनविलेलें असे. हलक्या बाल्सा लाकडाच्या फांसळ्या कापावयाच्या, त्यांवर पातळ कागद ताणावयाचा, डोपचे हात द्यावयाचे, आणि कित्येक रात्रींचें तें श्रम एका निमिषांत जमिनीवर आपटलेलें सर्वांदेखत पाहावयाचें!

येथेंच या खेळाचें शिक्षण होतें. परीक्षेंत नापास झालेलें मूल गुणपत्रिका लपवितें, कारण आपण कोठें चुकलों हें त्याला त्या आंकड्यांवरून कळत नाहीं. विमान मोडलेला मुलगा मात्र तुकडे गोळा करी, कोणता सांधा सुटला तें पाही, डिंक लावी आणि पुढच्या फेरीला उभा राही. अपयशाला कारण असतें, तें शोधतां येतें व आपल्या हातांनीं दुरुस्त करतां येतें, हें त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकविलें नाहीं.

हा खेळ पुन्हां सुरू करणें अशक्य नाहीं. सुमारें वीस मीटर त्रिज्येचें मोकळें वर्तुळ पुरतें, आणि तेवढें मैदान आपल्या कित्येक खेड्यांतील शाळांपाशीं आहे. इंजिन मिळालें नाहीं तर आतां विजेची लहान मोटर चालते. एकच पथ्य कटाक्षानें पाळावें: जवळपास विजेच्या तारा नसाव्यात, कारण हातांतील तार पोलादी असते. मुलांच्या हातीं तयार खेळणें देण्यापूर्वीं एकदां कातर, कागद आणि डिंक देऊन पाहावें, एवढीच पालकांस व शिक्षकबंधूंस विनंति करून मी आपली रजा घेतों.