दगडांची साक्ष आणि शाळेतील मुले
(निडी, तालुका रोहा, येथील प्राथमिक शिक्षकांसमोरील भाषण)



राष्ट्रीय स्मारकांचा पाठ आला, की ताजमहाल, कुतुबमिनार, लाल किल्ला, सांचीचा स्तूप, वेरूळची लेणी ही नावे फळ्यावर लिहिली जातात. कोणी बांधले, केव्हा बांधले आणि कोठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मुले पाठ करतात आणि परीक्षेपुरते काम भागते. परंतु निडीच्या मुलाने आग्रा पाहिलेले नसते आणि दिल्लीही पाहिलेली नसते. स्मारक म्हणजे दूरच्या शहरातील, पुस्तकाच्या चित्रातील एखादी वस्तू, तिच्याशी आपला काही संबंध नाही, असा त्याचा ग्रह होतो. हा ग्रह एकदा दृढ झाला, म्हणजे गावच्या डोंगरावरील कोरीव दगड त्याला केवळ दगडच वाटतो. यास्तव या पाठाचा आरंभ कोठून करावा, याचा विचार शिक्षकाने प्रथम केला पाहिजे.

आरंभ मुलाच्या मुठीतील नाण्यापासून करता येतो. रुपयाच्या नाण्यावर सिंहांची मुद्रा असते. ‘सिंह किती?’ असे विचारले, की मुले ‘तीन’ म्हणतात. चौथा सिंह मागे असल्यामुळे दिसत नाही, हे सांगितले, की त्यांचे कुतूहल जागे होते. ही मुद्रा सारनाथ येथील अशोकस्तंभाच्या शिरोभागावरून घेतली असून २६ जानेवारी १९५० रोजी ती भारताचे राजचिन्ह झाली. अशोक इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील राजा. त्याने स्तंभांवर आणि शिळांवर आपल्या आज्ञा कोरविल्या. पुढे ती ब्राह्मी लिपी लोक विसरले आणि शेकडो वर्षे ती अक्षरे कोणालाही वाचता येईनात. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने त्या लिपीचा उलगडा केला आणि अशोकाचे बोल पुन्हा लोकांना कळू लागले. हे घडू शकले, कारण शिळा जागेवर शिल्लक होत्या. जे आज वाचता येत नाही ते उद्या वाचता येईल, परंतु त्यासाठी दगड राहिला पाहिजे, ही गोष्ट मुलांच्या मनावर बिंबविणे हा या पाठाचा खरा हेतू होय.

याच्या उलट काय घडते, त्याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. उरण तालुक्यातील घारापुरीची लेणी १९८७ साली जागतिक वारसा म्हणून मान्य झाली. तेथील भव्य त्रिमुखी शिवमूर्ती पाहावयास देशोदेशीचे लोक येतात. पण ‘ही लेणी कोणी कोरविली?’ असे मुलाने विचारले, तर शिक्षकाला निश्चित उत्तर देता येत नाही. बेटावर सापडलेली नाणी आणि मूर्तींची शैली यांवरून अनेक अभ्यासक सहाव्या शतकातील कलचुरी राजवटीकडे बोट दाखवितात. परंतु तो अनुमानाचा मार्ग झाला. वास्तविक तेथे एक शिलालेख होता. पोर्तुगिजांच्या ताब्यात बेट गेल्यावर त्यांनी तो काढून आपल्या राजाकडे पोर्तुगालला पाठविला, असे दियोगु दु कोउतु या पोर्तुगीज इतिहासकाराने नमूद करून ठेवले आहे. तो वाचू शकेल असा कोणी त्या वेळी मिळाला नाही आणि पुढे तो शिलालेखच नाहीसा झाला. लेणी राहिली आणि त्यांची हकिगत सांगणारा दगड गेला. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्तीही १८६४ साली विलायतेस नेण्याच्या खटपटीत कोसळून भंगला. पुढे त्याचे तुकडे जोडण्यात आले. आज तो मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

आता रायगडाकडे वळावे. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले, ते याच गडावरून. ६ जून १६७४ रोजी येथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि ३ एप्रिल १६८० रोजी येथेच त्यांचे निधन झाले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात गडावरील वाड्यांना आग लागली. लाकडी काम जळून गेले आणि दगडी जोती तेवढी उरली. एकोणिसाव्या शतकात समाधीकडेही कोणाचे लक्ष राहिले नव्हते. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिच्या दुरवस्थेबद्दल खेद व्यक्त केला. पुढे लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने निधी जमविण्यास आरंभ झाला आणि १८९६ साली गडावर उत्सव झाला. तोफेने वाडे जाळले. समाधीची दुर्दशा मात्र विस्मरणाने केली, हेही मुलांस सांगावे. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान मिळाले. त्यांत या जिल्ह्यातील रायगड आणि खांदेरी हे दोन किल्ले आहेत.

इतकी पडझड होऊनही रायगडाचा बांधणारा अज्ञात राहिला नाही. जगदीश्वराच्या देवळाच्या भिंतीत एक संस्कृत शिलालेख आहे. विहिरी, तळी, बागा, वाटा, स्तंभ, गजशाळा, राजमंदिरे असे जे गडावर उभे राहिले, ते हिरोजीने उभारिले, असा त्याचा आशय असून शके १५९६, आनंद संवत्सर, असा काळही त्यात दिला आहे. देवळाच्या एका पायरीवरही त्याचे नाव कोरलेले आहे. लोक त्याला हिरोजी इंदुलकर म्हणून ओळखतात. वाडे गेले तरी त्यांची यादी दगडावर राहिली, आणि राजाबरोबर त्याच्या बांधकाम करणाऱ्या सेवकाचे नावही राहिले. घारापुरी आणि रायगड यांतील हा फरक मुलांना समजला, म्हणजे ‘शिलालेख’ हा शब्द त्यांना निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

रायगड आणि घारापुरी ही दोन्ही ठिकाणे निडीहून दूर आहेत आणि सहलीचा खर्च प्रत्येक पालकास झेपेलच असे नाही. पण आपल्या परिसरात अवचितगड आहे. कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवणाऱ्या या गडावर बारा कोनी तळे आहे, तोफ आहे आणि बुरुजावर शके १७१८ चा, चैत्र शुद्ध प्रतिपदेचा, देवनागरी लेख आहे. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीसाठी शकात ७८ मिळविले, की इसवी सन येतो. त्यापुढे फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. १७१८ मध्ये ७८ मिळविले, की १७९६ येतात. १५९६ मध्ये ७८ मिळविले, की रायगडाचे १६७४ हे साल येते. मुलाने ही बेरीज स्वतः केली, तर ते साल त्याला घोकावे लागत नाही. नागोठण्याचा जुना दगडी पूलही असाच एक पाठ आहे. चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविला. वाटसरूंसाठी बांधलेला पूल हेही स्मारकच होय, आणि स्मारक म्हणजे केवळ राजवाडा अथवा देऊळ नव्हे, हे त्यावरून शिकविता येते.

प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी मुलांच्या वहीत तीन रकाने आखून घ्यावेत: पाहिले, वाचले आणि ऐकले. तळे बारा कोनी आहे, हे पाहिले. शके १७१८, हे वाचले. गावच्या वृद्धांनी सांगितलेली गोष्ट ऐकली. रायगडावरील हिरकणीची कथा तिसऱ्या रकान्यात जावी. ती गोड आहे, म्हणून ती वगळू नये. परंतु शिलालेखाच्या पंक्तीस तिला बसवू नये. चौथीतील मुलालाही हा विवेक करता येतो. मात्र शिक्षकाने आपल्या बोलण्यात तो आधी पाळला पाहिजे.

शिलालेख वाचण्याची रीतही शिकवावी. सकाळचे अथवा संध्याकाळचे तिरपे ऊन पडले, म्हणजे झिजलेली अक्षरे उठून दिसतात. अक्षरांत खडू किंवा रंग भरू नये, तेल ओतू नये आणि शेवाळ काढण्यासाठी दगड खरवडू नये. अक्षर जसे दिसेल तसे वहीत उतरावे आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे. अंदाजाने जागा भरण्यापेक्षा टिंब देणे अधिक प्रामाणिकपणाचे असते.

सहलीत एखादा मुलगा अणकुचीदार खडा उचलून भिंतीवर आपले नाव कोरू लागतो, तो क्षण शिक्षकाच्या कसोटीचा असतो. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली सुधारणा झाली. तेव्हापासून राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकास इजा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे मुलांस सांगावे. पण केवळ शिक्षेच्या भीतीने हात थांबला, तर पहारेकरी नसलेल्या ठिकाणी तो पुन्हा चालेल, आणि पहारेकरी नसलेली ठिकाणेच अधिक आहेत. केंद्राच्या किंवा राज्याच्या यादीत नसलेले वीरगळ, सतीशिळा, जुन्या विहिरी खेडोपाडी विखुरलेल्या आहेत. कोणाच्या धुण्याचा दगड वीरगळ असतो, कोणाच्या पायरीखाली लेख दडलेला असतो. अशा मुलास रागे भरण्याऐवजी हिरोजीच्या नावाची आठवण द्यावी. त्याने गड उभारला म्हणून दगडाने त्याचे नाव सांभाळले. मग ‘तुझे नाव येथे कशाबद्दल राहावे?’ असे शांतपणे विचारावे.

शाळेत एक साधी नोंदवही ठेवावी. गावाच्या शिवारात नांगराला किंवा विहिरीच्या खोदाईत कोरीव दगड लागला, तर तो न हलविता जागा, दिनांक आणि चित्र त्या वहीत उतरावे आणि तहसील कार्यालयास कळवावे. हे काम मुले आनंदाने करतील. घारापुरीचा दगड हलविला गेला, तेव्हा त्याची नक्कल उतरून ठेवणारा कोणी तेथे असता, तर कदाचित आज मुलाच्या प्रश्नाला उत्तर देता आले असते. गावात अशी नक्कल उतरून ठेवणारी मुले तयार करणे प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि सकाळचे ऊन एवढे साहित्य पुरेसे आहे.