गोळीची कजा नसते

(कासू येथे तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज इथे समाज, शिक्षण, हक्क यांवर बरंच बोलणं झालं. मला मात्र तुमच्या घरातल्या फ्रिजवर ठेवलेल्या औषधांच्या डब्याबद्दल बोलायचं आहे. मी औषधविक्रेती आहे. आमच्या काउंटरवर जो प्रश्न सगळ्यात हळू आवाजात विचारला जातो, तो असा: "बेटा, काल हार्टची गोळी राहिली. आज दोन घेऊ?"

हात वर करा पाहू. कुणाकुणाच्या घरी हृदयाची, बीपीची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी रोज घेतली जाते? बघा, जवळपास सगळेच हात वर आहेत.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. तिच्यात चूक माझी आहे, म्हणूनच सांगते. माझ्या अब्बांना स्टेंट बसवला आहे. मेटोप्रोलॉल ही गोळी त्यांना सकाळ-संध्याकाळ असते. ती हृदयाचा वेग आवरून धरते. रमजानमध्ये एकदा सहरीला जाग आली नाही आणि सकाळची गोळी राहिली. इफ्तारनंतर त्यांनी सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही एकदम घेतल्या. वर बीपीची गोळीही घेतली. तरावीहला जायला म्हणून वजू करायला बसले आणि उठताना तिथेच कोसळले. नाडी अगदी मंद, अंग घामाने थंड. 108 ला फोन केला, पेणला नेलं. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं आणि अल्लाहच्या कृपेने ते बरे झाले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अब्बा, मी घरात असताना मला का नाही विचारलंत?" ते म्हणाले, "तू रागावतेस."

मग बाकीचंही कळलं. गोळ्या आधीही चुकत होत्या आणि ते लपवत होते. तपासणीत बीपी जास्त दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नियमित घेता ना?" माझ्याकडे बघून अब्बा म्हणाले, "हो." डॉक्टरांना वाटलं औषध कमी पडतंय, म्हणून त्यांनी एक गोळी वाढवली. म्हणजे दुकानात दिवसभर लोकांना समजावणारी मी, माझ्या रागामुळे माझ्याच वडिलांच्या औषधाचा हिशेब बिघडला.

म्हणून पहिली गोष्ट: गोळी चुकणं हा गुन्हा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली दीर्घ आजारांच्या औषधांवर एक अहवाल काढला. त्यात म्हटलं आहे की श्रीमंत देशांतसुद्धा साधारण निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. मग आपल्याकडे गाडी लेट झाली, लग्नाला मुक्काम पडला, पावसात दुकानापर्यंत जाता आलं नाही, पगाराआधी पत्ता संपला, तर गोळी चुकणारच. चुकल्यावर काय करायचं, ते माहीत असायला हवं.

आपल्याला समजेल अशा भाषेत सांगते. नमाजची वेळ शिल्लक असेल तर ती अदा होते. वेळ निघून गेली तर कजा पढतो. गोळीचं अर्धंच तसं आहे. तिची वेळ शिल्लक असेल तर उशिरा का होईना, घ्यायची. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर आधीची गेली ती गेली. तिची कजा नाही. पुढची एकच गोळी, तिच्या ठरलेल्या वेळी. दोन एकदम कधीच नाही.

वेळ शिल्लक आहे हे कसं ओळखायचं? ढोबळ हिशेब असा: दोन गोळ्यांमधलं निम्मं अंतर. दिवसातून एकदाची गोळी बारा तासांच्या आत आठवली तर घ्या. दोनदाची असेल तर सहा तासांच्या आत. त्यानंतर आठवली तर सोडून द्या. कोलेस्टेरॉलची एटोरवास्टेटिन आणि बीपीच्या बहुतेक रोजच्या गोळ्यांना हा हिशेब चालतो. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

काही गोळ्यांची नावं मात्र पाठ करा.

स्टेंटनंतरची क्लोपिडोग्रेल: बारा तासांच्या आत आठवली तर घ्या, नाहीतर पुढची वेळेवर. टिकाग्रेलर चुकली तर मध्येच घ्यायची नाही, पुढची तिच्या वेळी एकच. या गोळ्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ देत नाहीत. एखादी चुकली तर सावरता येतं. पण "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःच बंद केल्या, तर स्टेंट अचानक बंद पडून झटका येऊ शकतो. 2017 मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते. ते चांगलंच आहे. पण स्टेंट बसवून उपचार संपत नाही. तो पुढे रोज आपल्या घरात चालतो.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा एसिनोकुमेरॉल, जिच्यासाठी आयएनआर तपासणी करावी लागते: त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर कालची विसरा, आजची एकच घ्या. वहीत तारीख लिहा आणि तपासणीच्या वेळी सांगा. न सांगता राहिलं तर डॉक्टर चुकीच्या आकड्यावरून डोस बदलतात.

डिगॉक्सिन: हिच्यात औषध आणि विष यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. दुप्पट घेतली तर मळमळ होते, नजर पिवळसर होते, ठोके बिघडतात.

लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड: सकाळची राहिली आणि दुपारी चारनंतर आठवली तर त्या दिवशी सोडा. नाहीतर रात्रभर उठावं लागतं आणि म्हातारी माणसं अंधारात पडतात.

मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल, बिसोप्रोलॉल: या अचानक बंद केल्या तर हृदय उलट जोरात धावतं, छातीत दुखू शकतं. दोन दिवस किंवा जास्त खंड पडला तर डॉक्टरांना फोन करा आणि मगच सुरू करा. स्टेंटच्या गोळ्यांना खंड पडला तरी त्याच दिवशी फोन करा.

चुकून दोनदा घेतली गेली तर वाट बघू नका, डॉक्टरांना विचारा. चक्कर, बेशुद्धी, दम, फार मंद नाडी असेल तर सरळ 108. आणि छातीत दुखत असेल तर चुकलेली गोळी शोधत बसू नका. रुग्णाला बसवा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिलेली असेल तर एक ठेवा. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर 108.

आपल्या कोकणातली आणखी एक अडचण. कुवेत, सौदीहून भाऊ औषधं पाठवतो. तिथल्या डबीवर नाव वेगळं, इथल्या पत्त्यावर वेगळं, आत औषध एकच. माणूस दोन्ही घेतो. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं. ते वाचायचं काम तुमचं. तुम्ही शिकलात, त्याचा घरात हा उपयोग.

आता रोजा. ज्यांना रोजा ठेवायचा आहे, त्यांनी सहा-आठ आठवडे आधी, म्हणजे रजबमध्येच डॉक्टरांना भेटावं. दोनदाच्या गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतात का, तीनदाच्या जागी एकदाची देता येते का, लघवीच्या गोळीचं काय करायचं, हे तेच ठरवतील. गोळीची वेळ स्वतः बदलू नका. नुकताच झटका येऊन गेला असेल, हृदय कमजोर असून वारंवार दम लागत असेल, तर डॉक्टर बहुधा रोजा नको म्हणतील. त्यात इमान कमी होत नाही. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत आहे: बरं झाल्यावर रोजे पूर्ण करावेत, आणि ज्याला ते झेपणारच नाही त्याने गरिबाला जेवू घालावं. जिभेखालच्या गोळीबद्दलही सांगते. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1997 मध्ये जेद्दाहच्या बैठकीत म्हटलं, की छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवलेल्या गोळीने रोजा तुटत नाही, फक्त ती गिळली जाऊ नये. आणि तुटला असता तरी जीव आधी. छातीत कळ येत असताना मगरिबची वाट बघू नका.

एक गोष्ट मुलग्यांना मुद्दाम सांगते. सहरीला अम्मी सगळ्यांना वाढते, शेवटी स्वतः दोन घास खाते, तोवर अजान होते. तिची गोळी तशीच राहते. अब्बांच्या गोळ्या अम्मीच्या लक्षात असतात. अम्मीच्या कुणाच्या लक्षात असतात? उद्यापासून तुमच्या असू द्या.

आता घरी गेल्यावर करायचं काम. आज रात्री एक कागद घ्या. मराठीत किंवा उर्दूत, घरातल्यांना वाचता येईल त्या लिपीत, प्रत्येक गोळीचं मूळ नाव, वेळ आणि "चुकली तर काय" हे लिहा. शेवटचा रकाना डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याकडून भरून घ्या. लाजू नका, विचारणं हा तुमचा हक्क आहे आणि सांगणं हे आमचं काम. पत्ता संपायच्या आठवडाभर आधी नवा आणा. सात खणांची डबी घ्या, म्हणजे घेतली की नाही यावर वाद नको.

आणि विचारताना आवाज खाली ठेवा. "घेतली का नाही?" असं दरडावू नका. "काल राहिली होती का? राहिली असेल तर सांगा, बघू काय करायचं ते," असं विचारा. हल्ली मी असंच विचारते. गेल्या आठवड्यात अब्बा स्वतःहून म्हणाले, "आज सकाळची राहिली गं." घड्याळात अकरा वाजले होते. वेळ शिल्लक होती. मी पाणी दिलं, त्यांनी एक गोळी घेतली.