घोडा घ्यायचाय? आधी बारगीर व्हा

मी नंदिनी नगरहून बोलतोय. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणाऱ्या चुनखडीच्या खाणींची ही वसाहत. इथे डंपर दिसतात, सायकली दिसतात, घोडा मात्र वरातीपुरता. त्यामुळे गावाबाहेरच्या शेतावर मी एक घोडी पाळतो म्हटलं की लोक आधी हसतात, आणि दोन मिनिटांनी हळूच विचारतात, "आम्हीपण घ्यावा का हो एखादा?"

मार्गशीर्ष आला की हा प्रश्न जास्तच येतो. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीकाठी सारंगखेडा आहे. तिथे एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि सोबत घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा, सगळे एका मैदानात. त्यांचे व्हिडिओ फोनवर फिरतात, पाहणाऱ्याच्या मनात टापा वाजायला लागतात. तेव्हा आज सरळ त्याच प्रश्नावर बोलू. घोडा घ्यावा का?

आपल्या भाषेत याचं उत्तर शोधायला दोन जुने शब्द फार उपयोगी आहेत. शिलेदार आणि बारगीर. मराठी फौजेत स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळायचा तो बारगीर. आज आपण कुणालाही कौतुकाने "शिलेदार" म्हणतो, पण मुळात त्या शब्दात एक हिशेब आहे. घोडा स्वतःचा, म्हणजे त्याची चंदी, त्याचं आजारपण, त्याचं मरण, सगळं स्वतःचं. बारगिराची मांड तितकीच पक्की असेल, पण घोड्याची जोखीम पागेची.

आणि आपण छत्तीसगडचे मराठी लोक तर या प्रदेशात घोड्याच्याच वाटेने आलो. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत रतनपूरवर चालून आले, पुढे १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार केला. रेल्वे आणि पोलाद कारखाना नंतरचे. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही. फक्त तो नीट विचारायला हवा: मला घोड्यावर बसायचंय, की मला घोडा सांभाळायचाय? बारगीर व्हायचंय, की शिलेदार?

आता शिलेदाराचा हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या.

आपल्याकडचा मध्यम बांध्याचा घोडा साधारण साडेतीनशे किलोचा धरा. त्याला रोज वजनाच्या दोन टक्के तरी कोरडा चारा-दाणा लागतो. म्हणजे दिवसाला ७ किलो, वर्षाला अडीच टन. तुमच्या गावचा भाव घाला आणि गुणाकार करा. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लीद उचलायची ती रोज दहा-पंधरा किलो. यात तुम्ही त्याच्यावर बसलात की नाही याचा काही संबंध नाही. गाडी उभी ठेवली तर पेट्रोल खात नाही. घोडा उभा राहूनही खातो, झोपतोही बहुतेक वेळ उभ्यानेच.

आणि काय खातो हेही महत्त्वाचं. आमच्याकडे धानाचा पैरा मुबलक. गाई-म्हशी त्यावर निभावतात, म्हणून लोक म्हणतात, घोड्यालाही तोच टाका. तसं नाही चालत. गाईच्या पोटात शंभर लिटरहून मोठी टाकी असते, खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून ती रवंथ करते. घोड्याचं जठर जेमतेम दहा-बारा लिटरचं. निसर्गाने त्याला दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहण्यासाठी घडवलंय. आपण काय करतो? सकाळी एक ढीग टाकतो, ऑफिसला जातो, संध्याकाळी दुसरा ढीग टाकतो. लाडाने एकदम भरपूर हरभरा नाहीतर गहू घालतो. मग पोटशूळ होतो. आणि घोड्याला ओकता येत नाही. चुकीचं खाल्लेलं बाहेर टाकायची सोयच नाही. पोटशुळाने घोडा एका रात्रीत जाऊ शकतो. घोडा पोटाकडे वळून पाहतोय, जमीन उकरतोय, वारंवार लोळतोय, लीद टाकत नाहीये, असं दिसलं की सकाळची वाट पाहायची नाही. डॉक्टरला तेव्हाच फोन. घोडं पेंड कुठे खातं हे शोधणं ही आपल्याकडे म्हण आहे. पाळणाऱ्यासाठी ते रोजचं काम आहे.

दुसरी गोष्ट खूर. खूर नखासारखे वाढतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी ते कापून सारखे करावे लागतात, रस्त्यावर चालणारा असेल तर नाल बदलावी लागते. हे काम नालबंदाचं. टांगे होते तेव्हा गावोगावी नालबंद होते. टांगे गेले, नालबंदही गेले. आता वराती करणाऱ्यांना विचारत विचारत एखादा सापडतो, आणि लग्नसराईत तो आपला फोन उचलत नाही. माझा सगळ्यात मोठा वैताग विचाराल तर हाच. पैसे असूनही माणूस मिळत नाही.

तिसरी गोष्ट आजार. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार, म्हणून त्याची लस चुकवायची नाही. पावसाळ्यात चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे सरा होतो. ताप येतो-जातो, अंग उतरतं, पायांवर सूज येते, आणि लोक म्हणतात "दाणा कमी पडतोय". रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आणि ग्लँडर्स हा रोग तर माणसालाही होतो. तो निघाला तर २००९ च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्याखाली घोड्याला वेदना न देता मारावं लागतं. म्हणून बाजारातून घोडा घेताना तपासणीचा कागद मागायला लाजू नका.

इतकं ऐकून तुम्ही म्हणाल, मग पाळता कशाला?

सांगतो.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. रपेट करायची तर पहाटे पाचला. अंधारात शेतावर गेलो की बादलीच्या कडीचा आवाज ऐकून घोडी नाकातून एक हलकी घरघर काढते. तो आवाज ओळखीचा असतो. मग खरारा. खराऱ्याने अंग घासताना हाताला सगळं कळतं: कुठे गाठ आली, कुठे जिनाने काचलंय, आज तिचं मन कसं आहे. खाणीच्या बाजूचा कच्चा रस्ता, दोन्हीकडे पळस, आणि खाली चार टापांचा ठेका. कदम, मग दुडकी. त्या अर्ध्या तासात माझ्या डोक्यात दुसरा विचार येत नाही. येऊच शकत नाही, कारण आला तर तिला लगेच कळतं.

हे मी काव्य म्हणून सांगत नाहीये. घोड्याला अंगावर बसलेली माशी जाणवते, तर तुमचं वजन इकडून तिकडे सरकलेलं जाणवणार नाही का? तुम्ही श्वास रोखला, मांड्या आवळल्या, लगाम घट्ट धरला, की तो समजतो पुढे काहीतरी धोका आहे. २०१६ साली ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसांचे हसरे आणि रागावलेले फोटो दाखवले. रागावलेला चेहरा पाहून त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. म्हणजे ऑफिसातला राग घेऊन तबेल्यात गेलात तर तो लपत नाही. घोडा साडेतीनशे किलोचा आहे, त्याला जोराने हरवता येत नाही. त्याच्याशी बोलावं लागतं, आणि आधी स्वतः शांत व्हावं लागतं. घोड्याने मला दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

पण तो यंत्र नाही, हेही रोज दाखवतो. रोजच्या रस्त्यावर रोजचंच झाड असतं. एके दिवशी त्याला प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली असते. बस, घोडं अडलं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं सोडून. शिकार होणाऱ्या जनावराची ती नजर आहे. शंका आली की आधी पळायचं, विचार नंतर. तिथे चाबूक काढणारा स्वार पिशवीची भीती घालवत नाही, चाबकाची भर घालतो. थांबायचं, पाहू द्यायचं, वास घेऊ द्यायचा. वीस मिनिटं गेली तर गेली.

आता ज्या गोष्टीसाठी आजचं बोलणं लावलं, तिच्याकडे येतो.

घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. सहा वर्षांचा घेतला तर पुढची वीस वर्षं तो तुमचा. त्यातली शेवटची काही वर्षं तो स्वार घेण्याजोगा नसेल. तेव्हा तो कुठे असेल? बाजारातल्या गर्दीत हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया आठवा. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदेशीर ठरवल्या. घोड्यांचे हाल होत होते, हे खरंच. पण त्या दिवशी एक प्रश्न उभा राहिला: काम संपलेल्या घोड्याचं आणि त्याच्यावर जगणाऱ्या माणसाचं काय? माथेरानला मोटारींना बंदी आहे म्हणून घोडे टिकले. आता तिथेही ई-रिक्षा आल्या, आणि अश्वपालांच्या मनात तोच प्रश्न आहे. वरातीच्या घोड्याचंही तेच. जोवर नाचतो तोवर मखमल, पाय दुखावला की मिळेल त्या किमतीला पुढच्या हाती, तिथून आणखी पुढे. हौसेचे घोडेही याच वाटेने जातात. मुलाची दहावी आली, नोकरीची बदली झाली, चारा महाग झाला, आणि "चांगलं घर पाहून देऊ" म्हणत घोडा जातो. चांगलं घर म्हातारा घोडा घेत नाही, मंडळी.

म्हणून माझं सांगणं: आधी बारगीर व्हा. किमान एक वर्ष.

मोठ्या शहरांत घोडेस्वारीचे क्लब आहेत, मुंबईत महालक्ष्मीला, तसे पुण्यातही. मुलं कॉलेजात असतील तर एनसीसीची रिमाउंट अँड व्हेटरनरी शाखा पाहा. ती बहुधा पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली असते, तिथे अगदी थोड्या खर्चात स्वारी शिकायला मिळते. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणं कमीपणाचं नाही. २०२३ साली हांगझोच्या आशियाई खेळांत भारताला घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सुवर्ण मिळालं, त्या चमूत इंदूरची सुदीप्ती हजेला होती, मुंबईचा हृदय छेडा होता. पण त्यांना वर्षानुवर्षं घर सोडून युरोपात राहून सराव करावा लागला. स्वारी शिकायला माणूस एवढं करतो, तर आपण आठवड्यातून दोन सकाळी क्लबला जाऊ शकतो.

या वर्षात फक्त बसू नका. लीद उचला. खरारा करा. खूर साफ करायला शिका. पावसात, तापात, सणाच्या दिवशी जा. आणि वजनकाटाही पाहा. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं वाहू नये असा साधा नियम आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्यावर खोगिरासकट ७० किलो. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडेल!

वर्षानंतरही पहाटे पाचला पाय आपोआप तबेल्याकडे वळत असतील, तर खुशाल बाजारात जा. पण भोवरे आणि देवमण मोजणाऱ्यांच्या गर्दीत उभे राहू नका. भोवरा कपाळावर कुठे आहे त्याने घोडा लंगडायचा थांबत नाही. दात पाहून वय ठरवणारा डॉक्टर बरोबर न्या. घोडा कडक रस्त्यावर चालवून पाहा, टापांचा ठेका सारखा पडतो का ऐका. मालकाला तुमच्यासमोर जीन चढवायला आणि स्वतः बसायला सांगा. एकदा भर दुपारी पाहा, एकदा सकाळी थंड असताना. आणि नाचणाऱ्या घोड्यापेक्षा शांत उभा राहणारा घोडा निवडा.

घरी आल्यावर आणखी एक करा. एका कागदावर तीन नावं लिहा: तुम्ही आजारी पडलात तर घोड्याला पाणी कोण देईल, रात्री दोनला येईल असा डॉक्टर कोण, आणि घोडा वीस वर्षांचा झाला की कुणाच्या शेतावर राहील. तिन्ही नावं लिहिता आली, तर तुम्ही शिलेदार. एक जरी जागा रिकामी राहिली, तर अजून बारगीरच राहा. पहाटेचा वारा बारगिरालाही तितकाच लागतो.

तुमच्या गावात नालबंद असेल तर आम्हाला जरूर कळवा, पुष्कळांची सोय होईल.