डोंगरावर जाताना अंगात काय घालावे?



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे?" हिवाळ्यात मलकापूरचा माणूस राजूरचा घाट चढून बुलढाण्यास आला की एस.टी.तून उतरता उतरताच मफलर शोधू लागतो. उंचीबरोबर हवा गार होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. हजार मीटर चढले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, एवढा भूगोलाचा आकडा फक्त त्याला जोडायचा.

डोंगर चढताना कपडे कोणते असावेत, हा विषय आपणांस हौशी लोकांचा वाटेल. पण आपल्याकडच्या सहली आता भर पावसात कळसूबाईला जातात. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या मुलांना तर सातपुडा उशालाच आहे. सामानाची यादी मात्र आम्ही मास्तर लोक जुन्या वहीतूनच उतरवतो.

अशीच एक यादी मी केली होती. काही वर्षांपूर्वी ऑगस्टात विद्यार्थ्यांना घेऊन कळसूबाईला गेलो. हे शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच, म्हणजे बुलढाण्याहून सुमारे हजार मीटर वर. यादीत मी मोठ्या अक्षरांत लिहिले होते, "सुती, सैल कपडे. फार ओझे नको." बारी गावातून निघालो तेव्हा नुसती रिमझिम होती. लोखंडी शिड्यांपाशी पोहोचेतो पोरे घामाने आणि पावसाने सारखीच भिजली. चालते अंग तापलेले असते, म्हणून कोणी कुरकुरले नाही. माथ्यावर फोटोसाठी थांबलो आणि वाऱ्याने आम्हांला गाठले. सुती सदरा आणि जीनची पँट घातलेला एक मुलगा कुडकुडू लागला. मी म्हणालो, "अरे, एवढ्यानं काय होतं? उतरायला लागलास की ऊब येईल."

थोड्या वेळाने त्याचे कुडकुडणे थांबले. मला बरे वाटले. पण तो बोलताना अडखळू लागला, सपाट जागीही त्याचा पाय चुकू लागला. कुडकुडणे थांबले होते ते ऊब आल्यामुळे नव्हे, अंगातली शक्ती सरल्यामुळे! हे ओळखले मागून उतरणाऱ्या गावातल्या एका म्हाताऱ्याने. "मास्तर, आधी त्याची ओली कापडं काढा," म्हणत त्याने स्वतःची घोंगडी सोडून पोराभोवती गुंडाळली. पुढच्या झोपडीत, पोरगा नीट गिळू शकतो हे पाहून, त्याला गोड, कोमट चहा घोट घोट दिला. तासाभराने मुलगा ताळ्यावर आला. परतीच्या बसमध्ये तो गाढ झोपला; मी जागाच होतो. अशा वेळी हातपाय जोराने चोळू नयेत आणि दवाखाना गाठण्यात उशीर करू नये, हे मी नंतर शिकलो.

आता कापसाच्या जिल्ह्यात कापसाची निंदा करायची कशी? जलंबहून खामगावला १८७० साली रेल्वेचा फाटा आला तो या कापसापायीच. आणि आपल्या उन्हाळ्यात सुती कपड्यासारखे सुख नाही. तो घाम पितो, आणि घाम वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. वावरात हाच गुण हवा असतो. गार वाऱ्यात तोच वैरी होतो, कारण पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेते. लोकरीचा तंतू कुरळा असतो. त्याच्या वळणांत हवा अडकून राहते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही लोकर हाताला ओली लागत नाही. धनगराची घोंगडी जड, खरखरीत खरी, पण तिची खोळ करून तो पावसात मेंढरांमागे दिवस काढतो, तो उगीच नव्हे.

खरे म्हणजे ऊब कपड्यात नसतेच. ती त्याने अडवून धरलेल्या हवेत असते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी बलूनच्या कापडात बदकाची मऊ पिसे भरून कोट शिवून घेतला. सोबत्यांनी थट्टा केली. वर थंडी लागल्यावर ती ओसरली. हेच फिंच पुढे १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. पिसांचा कोट मात्र कोरड्या बर्फातला. आपल्या पावसात पिसे भिजून गोळा होतात आणि ऊब जाते.

म्हणून एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे. अंगालगत खेळाडू घालतात तशी पॉलिएस्टरची बनियन, जी पाणी धरून ठेवीत नाही. तीवर लोकरी स्वेटर. आजोबांचा विरलेला असला तरी चालेल. सर्वांवर वारा आणि पाणी अडवणारा रेनकोट. वाऱ्यात छत्रीचा उपयोग नाही. जीन नकोच. कानटोपी, लोकरी मोजे आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला एक कोरडा जोड, एवढे ओझे प्रत्येकाने वाहावे.

हे कपडे वापरण्याचीही रीत आहे. घाम फुटण्याआधी स्वेटर काढायचा आणि थांबताक्षणी, थंडी वाजण्याची वाट न पाहता, पुन्हा चढवायचा. औली, गुलमर्गला पायांना स्कीच्या फळ्या बांधून बर्फाचा चढ चढणारेही हेच करतात. तिथे घामाने भिजलेला सदरा थांबल्यावर गोठू लागतो.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. सहलीच्या आधी विज्ञानाच्या तासाला जीन, सुती बनियन, स्वेटर आणि खेळाची बनियन यांचे सारखे तुकडे बादलीत बुडवा, पिळा आणि दोरीवर टाका. दर अर्ध्या तासाने मुलांना ते गालाला लावून पाहू द्या. शाळा सुटेल तेव्हाही जीनचा तुकडा ओलाच असेल.