धंद्याची घडी



नंदुरबारच्या बाजारात लाल मिरची यायला लागली की आपल्याकडच्या गटांची तिखटाची पाकिटं सुरू होतात. उन्हाळा लागला की धडगावकडच्या बाया आमचूर करायला घेतात. माल आपला चांगलाच असतो, त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नाही. तरी कितीतरी गट दोन-तीन हंगामांत थंडावतात. का?

बघा पटतं का. गटात एक ताई असते, तिलाच सगळं ठाऊक. मिरची कुणाकडून घ्यायची, किती वाळवायची, कुठल्या दुकानदाराकडे उधारी आहे, सगळं तिच्या डोक्यात. दिवाळी होते आणि ती घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाते. जावंच लागतं, पोटाचा प्रश्न आहे. पण मिरचीचा हंगाम नेमका तेव्हाच. मागे राहिलेल्या नऊजणी काम करायला तयार असतात, पण काय करायचं ते डोकं ऊसाच्या फडात गेलेलं असतं.

म्हणून आम्ही म्हणतो, धंदा माणसाच्या डोक्यातून काढून वहीत आणि तराजूवर आणला पाहिजे.

लिज्जत पापड तुम्ही खाल्ला असेल. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्याच. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद पडलं, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं? एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. आम्हाला ही खाट फार आवडते. नड कुठे येते ते ओळखलं आणि पुढच्या वर्षासाठी सोय करून ठेवली.

पुढे काम वाढलं तेव्हा पीठ मळायचं काम त्यांनी शाखेत एका जागी ठेवलं. बहिणी मळलेलं पीठ घरी नेतात, लाटतात, वाळवतात, दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. तिथे वजन होतं, माल तपासला जातो आणि लाटणावळ मिळते. लाटणारे हात हजारो, तरी चव एकच, कारण पीठ एकाच मापाचं. आपल्या मसाल्यात मात्र ‘एक मूठ धने’ पडतात, आणि मूठ ज्याची त्याची वेगळी. ती मूठ एकदा तराजूवर टाका, किती ग्रॅम भरते ते लिहा, आणि मग मूठ विसरा.

वाळवणाचंही तसंच. ‘चार दिवस वाळवा’ असं लिहून भागत नाही, ढगाळ हवेत चार दिवस पुरत नाहीत. मिरची हातात धरून हलवली की बिया खुळखुळल्या पाहिजेत, वाकवली की मोडली पाहिजे. ही खूण लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती करून दाखवा. चित्र काढून भिंतीला लावलं तरी चालेल.

आता हिशेब, इथे जरा थांबून ऐका. समजा १० किलो वाळकी मिरची २०० रुपये किलोने घेतली. झाले २,००० रुपये. देठ खुडून, दळून हातात राहिलं ९ किलो. दळणाचे २००, पिशव्या आणि लेबलचे १००, गाडीभाडं ७०. दोघींचा एकेक दिवस गेला, ३०० प्रमाणे ६००. बेरीज २,९७०, म्हणजे किलोला ३३० रुपये खर्च. पण आपण फक्त मिरचीचे २०० धरतो, २८० ने विकतो आणि ८० सुटले म्हणून खूश होतो. खरं तर किलोमागे ५० रुपये तोटा, ९ किलोला ४५०. तो कुणी भरला? आपल्याच मजुरीने. मजुरी लिहिलीच नाही म्हणून तोटा दिसला नाही. आकडे तुमच्या गावचे घाला, पण मजुरीची ओळ खोडू नका.

बचतीची वही आपल्याला जमते. पंचसूत्रीत लेखे आहेतच. बैठक, बचत, कर्ज, परतफेड यांचं सगळं चोख असतं, आणि तोच गट तिखट विकताना तोंडी व्यवहार करतो, याचं आम्हाला नवल वाटतं. धंद्याची वही वेगळी ठेवा. उधारीला एक पान पूर्ण द्या: दुकान, पाकिटं, तारीख, पैसे कधी येणार. ते पान दर बैठकीत मोठ्याने वाचायचं. जिच्या नातेवाइकाचं दुकान असेल तिला अवघड वाटेल, पण वाचायचं.

प्रत्येक घाण्याला नंबर द्या आणि तो पाकिटावर तारखेसोबत टाका. पुढे एखादं पाकीट दमट निघालं तर त्या नंबरचीच पाकिटं परत मागवता येतात, सगळा माल संशयात जात नाही. कुणी वाळवलं, कुणी दळलं हे वहीत दिसतं. हे भांडणासाठी नाही बरं का. कुठल्या अंगणात ऊन कमी येतं हे त्यातूनच कळतं.

आणि जाणाऱ्या ताईचं. ती दिवाळीनंतर निघणार हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. तेव्हा खरेदीला जाताना आतापासूनच तिच्यासोबत दुसरी पाठवा. एका आठवड्याला ताई भाव करेल, दुसरी बघेल. पुढच्या आठवड्याला दुसरी भाव करेल, ताई गप्प उभी राहील. हे गप्प राहणं तिला सगळ्यात जड जाणार आहे. निघायच्या आदल्या बैठकीत वही, किल्ली आणि शिल्लक पैसे सगळ्यांसमोर मोजून द्यायचे. होळीला ती परत आली की तिच्यासमोर तीच वही उघडायची, आणि मागच्या हंगामाचं पान शेजारी ठेवून दोन्हींची बेरीज करायची.