उरलेलं औषध कुठं ठेवता?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं २०११ साली एक अजब कायदा केला. 'तुमच्या घरी बंदूक आहे का?' असं डॉक्टरांनी पेशंटला विनाकारण विचारायचं नाही. विचारलं तर कारवाई. डॉक्टर कोर्टात गेले आणि २०१७ मध्ये वरच्या कोर्टानं ही बंदी रद्द केली. बंदूकवाल्यांचं म्हणणं, आम्ही ताप दाखवायला आलो, ही चौकशी कशाला? डॉक्टरांचं म्हणणं, घरात लहान मूल असेल, खचलेलं माणूस असेल, तर हा प्रश्न तपासणीचाच भाग आहे.

सात रस्त्यावरच्या माझ्या दवाखान्यात बंदूकवाले येत नाहीत. मोहोळ, मंद्रूप, अक्कलकोटकडून एसटीनं शेतकरी येतात. झोप नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. आमच्याकडची बंदूक म्हणजे फवारणीचं औषध. पण विचारायला गेलं की भाषाच आडवी येते. 'घरात कुठलं औषध आहे?' म्हटलं, की माणूस खिशातून बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढतो. पिकाला मारतात तेही औषधच, आणि 'त्यानं औषध घेतलं' म्हटलं की गावात त्याचा अर्थ निराळा. म्हणून मी सरळ विचारतो, द्राक्षावर, डाळिंबावर मारायचं काही उरलंय का? कुठं ठेवता? पूर्व भागातला यंत्रमाग कामगार असेल तर उंदराच्या औषधाचं विचारतो.

काही जण चिडतात. 'डॉक्टरसाहेब, आमच्यावर संशय घेता व्हय?' चिडू देत. विचारल्यानं नसता विचार डोक्यात शिरतो, हा समज खरा नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. तो टोकाचा झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसली, की पुष्कळ जण वाचतात.

श्रीलंकेनं १९९५ आणि १९९८ मध्ये अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी आणली. २००५ पर्यंत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. कर्ज, दारू, घरातली भांडणं काही संपली नव्हती. त्याच देशात हजारो कुटुंबांना औषध ठेवायला कुलपाच्या पेट्याही वाटल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष आला, फरक पडला नाही. मला नवल वाटलं नाही. पेटीची किल्ली शेवटी घरातच राहणार ना!

म्हणून पेटीचा सल्ला मी देत नाही. सोबत आलेल्या माणसाला बोलावून सांगतो, लागेल तेवढंच आणा. घरात कुणी गप्प-गप्प असेल, तर उरलेलं आजच भावाच्या वस्तीवर नेऊन ठेवा. आणि रात्री-अपरात्री मन घाबरं झालं, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं.