सावलीच्या वाटेवरचे हैदराबाद



 सूर्यग्रहणे आणि ताऱ्यांची पिधाने हा हैदराबादच्या हिमायतनगरात भरलेल्या या संमेलनाचा विषय आहे. हैदराबादला आलेल्या पाहुण्याला चारमिनार दाखवायला यजमान लागत नाही. पण बेगमपेठेतल्या जुन्या वेधशाळेचा पत्ता विचारला, तर अस्सल हैदराबादकरही क्षणभर डोके खाजवतो. म्हणून या शहराची ओळख तिथूनच करून दिलेली बरी.

नवाब जफर जंग या हौशी उमरावाने १९०१ मध्ये इंग्लंडहून १५ इंची ग्रब दुर्बीण आणवली आणि फिसलबंडा भागात वेधशाळा उभारली. तिला निजामांचे नाव मिळावे ही त्याचीच इच्छा. त्याच्या निधनानंतर १९०८ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, पुढे ती बेगमपेठेत आली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. साऱ्या आकाशाचे छायाचित्रण करून ताऱ्यांची सूची बनवण्याचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प तेव्हा सुरू होता. त्यातला दक्षिण आकाशाचा १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला. टी. पी. भास्करन यांच्या कारकिर्दीत साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजून झाल्या. हे सगळे संगणकाविना, काचेच्या पट्ट्यांवर डोळे लावून.

याच निजामिया वेधशाळेत चंद्राच्या पिधानांचे वेधही घेतले जात. चंद्र ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा तारा हळूहळू मंदावत नाही, पटकन विझतो. चंद्राला वातावरण नाही आणि तारा इतका दूर आहे की त्याचे टिंब कडेआड जायला सेकंदाचा अंशही पुरतो. ताऱ्याची जागा आधीच ठाऊक असते, त्यामुळे तो विझल्याची वेळ नेमकी टिपली की त्या क्षणी चंद्राची कड कुठे होती हे कळते. असे हजारो वेध देशोदेशी जमा झाले आणि त्यांतून उमगले, की पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे तंतोतंत एकसारखे नाही. घड्याळ ज्या पृथ्वीवरून लावायचे तीच मागेपुढे होते, हे दाखवायला चंद्र साक्षीदार म्हणून उभा राहिला. वेधशाळेत मनाली कुकुझी बप्पू नावाचे एक कर्मचारी होते. त्यांचा मुलगा वेणू इथून हाकेच्या अंतरावरच्या निजाम कॉलेजात शिकला आणि पुढे भारतीय खगोलभौतिकीचा आधारस्तंभ झाला.

सूर्यग्रहणांच्या बाबतीत तर दख्खनच्या पठारावरून सावली अनेकदा गेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण कोकण किनाऱ्यावरून पूर्वेकडे सरकत गेले. जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल, विजापुरात कॅप्टन हेग, गुंटुरात टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, मछलीपट्टणात पॉगसन अशी माणसे सावलीच्या रेषेवर ठाण मांडून होती. मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या राज्यातल्या वनपर्तीला आले होते. हे गाव आजच्या तेलंगणात आहे. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या तांबूस ज्वाळा तप्त वायूच्या आहेत, हे त्या दिवशी वर्णपटदर्शकाने ठरवले. दुसऱ्याच दिवशी जान्सेनने त्या ज्वाळा ग्रहणाविनाही पाहण्याची रीत शोधली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयरने ऑक्टोबरात स्वतंत्रपणे तेच साधले. पिवळ्या भागातली एक रेषा सोडियमची नाही, असे त्याच्या लक्षात आले. तीच हेलियमची रेषा. पृथ्वीवर हा वायू रॅमसेच्या हाती लागायला १८९५ साल उजाडले.

कोकणातून आलेल्या मित्रांसाठी इथे थोडे थांबायला हवे. विजयदुर्गावरचे ‘सायबाचे ओटे’ दाखवताना लॉकयरने १८६८ साली तिथूनच हेलियम शोधला असे सर्रास सांगितले जाते. तो त्या साली भारतात नव्हता. तो विजयदुर्गास आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि एका युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. किल्ल्याचा मान यामुळे कमी होत नाही, कारण १८९८ चे ग्रहण स्वतःच मोठे होते.

त्या दिवशी सावली महाराष्ट्राला तिरकी छेदून गेली आणि तिच्या वाटेवर जणू छावण्यांची माळच लागली. विजयदुर्गाला लॉकयर. करमाळ्याजवळच्या जेऊर स्टेशनापाशी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन बसला होता. तिथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचीही छावणी होती. पुलगावात न्यूऑल. विदर्भातल्याच तळणीत मॉन्डर दांपत्य, आणि तिथे ॲनी मॉन्डर यांनी अगदी छोट्या भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचा असा लांबलचक किरण टिपला की मोठमोठ्या उपकरणांना तो सापडला नव्हता. नायगमवालांनी सूर्याचे बिंब झाकले जाताना क्षणभर चमकणाऱ्या रेषांचा वर्णपट घेतला आणि त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या वेधशाळेची २० इंची दुर्बीण तेव्हा भारतात सर्वांत मोठी होती. ती पुढे १९१२ मध्ये कोडईकनालला गेली.

ग्रहणांनी शास्त्रज्ञांना चकवलेही आहे. १८६९ मध्ये अमेरिकेतल्या ग्रहणात प्रभामंडलात एक हिरवी रेषा दिसली. हेलियमचा अनुभव ताजा असल्याने तिच्याही मागे नवे मूलद्रव्य मानले गेले आणि त्याला ‘कोरोनियम’ असे नावही मिळाले. सुमारे ७० वर्षांनी एडलेन यांनी दाखवले, की ती रेषा साध्या लोखंडाचीच आहे. मात्र त्या लोखंडाचे तब्बल १३ इलेक्ट्रॉन उडालेले असतात, आणि त्यासाठी तापमान लागते दहा लाख अंशांच्या वर. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंशांचा आहे. मग त्याच्यावरचे विरळ आवरण इतके तापते कशाने?

हा प्रश्न घेऊन १६ फेब्रुवारी १९८० रोजी जगभरचे शास्त्रज्ञ हैदराबादच्या परिसरात आले. उस्मानिया विद्यापीठाची जपाल-रंगापूर वेधशाळा नेमकी खग्रासपट्ट्यात होती. १९६८ पासून तिथे ४८ इंची दुर्बीण होती, आणि खगोलशास्त्र विभागाला आकार देणारे प्रा. कृष्ण दामोदर अभ्यंकर हे नाव देशभर जाणकारांना परिचित होते. एकमेकांना झाकणाऱ्या जोडताऱ्यांचे प्रकाशमापन ही त्या विभागाची खासियत, म्हणजे ग्रहणे त्यांच्या नित्याच्या कामातलीच. खगोलशास्त्रज्ञ जे पासाकॉफ यांनी जपाल-रंगापूरहून हिरव्या रेषेतल्या जलद कंपनांचा शोध घेतला. शहरात मात्र ऐन दुपारी रस्ते ओस पडले होते. ज्या घटनेसाठी परदेशातून पेट्याच्या पेट्या उपकरणे आली होती, त्या घटनेच्या वेळी कितीतरी घरांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या. मराठी विज्ञानप्रसारकांचे अर्धे आयुष्य या बंद खिडक्या उघडण्यात गेले आहे.

पिधानांचा पल्ला तर ग्रहणांपेक्षा लांबचा. उटीला डोंगरउतारावर गोविंद स्वरूप यांनी ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण १९७० मध्ये उभी केली, तीच मुळी चंद्राआड जाणारे रेडिओस्रोत टिपण्यासाठी. त्यांतून दूरच्या शेकडो स्रोतांचे आकार मोजले गेले आणि विश्व काळानुसार बदलत आले आहे या मताला बळ मिळाले. स्वरूप यांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा जयंत नारळीकर स्थिर-स्थिती विश्वाची बाजू मांडत होते. एका छपराखाली असा मतभेद नांदू शकला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १० मार्च १९७७ रोजी युरेनसने एक तारा झाकला. तो झाकण्याआधी आणि नंतरही ताऱ्याचा प्रकाश पुन्हा पुन्हा लुकलुकला, आणि युरेनसची कडी उघड झाली. विमानातल्या अमेरिकी दुर्बिणीबरोबर कावलूरच्या वेधशाळेत भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनीही ती लुकलुक नोंदवली होती. त्यांना आधी तो नवा उपग्रह वाटला. एकाच ठिकाणच्या वेधातून याहून वेगळे अनुमान निघणे अवघडच होते.

या संमेलनाचे प्रयोजन नेमके इथे आहे. सावली अरुंद असते आणि ती कोणासाठी थांबत नाही. एक वेधशाळा कितीही मोठी असली तरी तिला सावलीचा एकच छेद मिळतो. आकार कळायला माणसे विखुरलेली असावी लागतात. १७ जुलै २०१७ रोजी अर्जेंटिनात २४ लहान दुर्बिणी ओळीने मांडल्या होत्या. त्यांतल्या पाचांना अरोकॉथ या दूरच्या खडकाने तारा झाकलेला दिसला आणि तो खडक दोन गोळे चिकटल्यासारखा असावा असे कळले. न्यू होरायझन्स यान १ जानेवारी २०१९ रोजी त्याच्याजवळून गेले तेव्हा छायाचित्रात हुबेहूब तेच दिसले.

आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून आपल्या नेमल्या जागेवरून सूर्याकडे पाहते आहे, कृत्रिम ग्रहण घडवून प्रभामंडल टिपते आहे. त्यामुळे खग्रास ग्रहणामागे धावायचे दिवस संपले असे कोणी म्हणेल. पण अवकाशात नवी उपकरणे धाडण्यापूर्वी ती पडताळायला नैसर्गिक ग्रहण अजूनही कामी येते. भारतातून पुढचे खग्रास दिसेल २० मार्च २०३४ रोजी, तेही उत्तरेला कारगिलच्या बाजूला. लघुग्रहांची पिधाने मात्र वर्षभर कुठे ना कुठे घडत असतात. गाया यानाने ताऱ्यांच्या जागा इतक्या अचूक दिल्या आहेत की सावलीची पट्टी आधीच नकाशावर आखता येते. सहा-आठ इंची दुर्बीण, व्हिडिओ कॅमेरा आणि जीपीएसची वेळ एवढ्यावर काम भागते.

दोन दिवसांची व्यवस्था स्वयंसेवकांनी राबून केली आहे. काही उणे राहिले तर हक्काने सांगावे. नौबत पहाडावरचे बिर्ला तारांगण इथून जवळ आहे, तेही सवडीने पाहावे. एक विनंती मात्र आग्रहाची: निघण्यापूर्वी प्रत्येकाने नोंदणी कक्षात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश, दुर्बिणीचा आकार आणि वेळ नोंदण्याची सोय लिहून द्यावी. नांदेड, लातूर, सोलापूर, बेळगाव, पणजी, इंदूर आणि हैदराबाद अशी ठिकाणे एका यादीत आली, की पुढच्या पिधानाची पट्टी कोणाच्या अंगणातून जाते ते समारोपाच्या सत्रातच पाहता येईल. आता उद्घाटकांनी संमेलनाला सुरुवात करून द्यावी.